बंद केली तर बसवत नाही

खिडकीच्या गजांवर काठीचे फटके बसू लागले की शेठ हातातला फोन टाकून आवारात धावत. काठी बाईंची होती, आवारही बाईंचंच होतं, आणि शेठना लहानपणी पाढे शिकवले होते तेही बाईंनीच.

"अरे, या गाड्या उभ्याच आहेत ना?" बाई वरच्या मजल्यावरून विचारत.

"हो, बाई."

"मग चालू कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शेठकडे नव्हतं, ड्रायव्हरांकडे होतं. माल भरायचा निरोप येईपर्यंत शेठचे सहा ट्रक आवारात उभे असत. वर पत्रा, खाली तापलेलं काँक्रीट. ड्रायव्हर केबिनमध्ये आडवे पडत, आणि केबिनचा एसी इंजिनावर चालत असल्यामुळे इंजिनं धडधडत राहत. शेठ रोज दुपारी एकेका दारावर थाप मारत. काच बोटभर खाली येई आणि आतून उत्तर मिळे, "शेठ, बंद केली तर बसवत नाही." दार कुठलंही असो, उत्तर तेच.

शेठ हे नाव ड्रायव्हरांनीच ठेवलेलं. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे शेठना अजून कळलेलं नव्हतं. स्वभावानं ते न्यायी होते. डिझेल भरायचं तर सहाही गाड्यांत एकाच दिवशी, एकाच पंपावर आणि सारखंच, असा त्यांचा नियम होता. एकदा पैलवानाच्या गाडीत थोडं कमी पडलं, तर तो आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता. पैलवान म्हणजे सहा जणांतला सगळ्यात काटकुळा.

शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत हा आवाज थांबला नाही, तर आवार रिकामं कर."

"बाई, सहा ट्रक घेऊन जाऊ कुठं?"

"ते मी कशी सांगू? भूगोलात तू पहिल्यापासून कच्चाच."

वाट काढली ती शेठच्या बायकोनं. ऑफिसचं सगळं काम तीच बघत असे. "अहो, सरकार यासाठी अनुदान देतंय," ती कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाली. "केबिनच्या टपावर बॅटरीवरचा एसी बसवायचा. इंजिन बंद, तरी आत गार."

"सरकार? आपल्याला?"

"आपल्यालाच असं नाही. ज्याच्या गाड्या उभ्या जागी डिझेल जाळतात, त्याला."

"मग आपल्यालाच," शेठ म्हणाले.

अर्ज गेला. खात्यातून फोन आला, की साहेब मंगळवारी पाहणीला येतील. एरवी गाड्या किती वेळ उभ्या उभ्या चालू असतात ते बघतील आणि गरज दिसली तर मंजुरी देतील. शेठनी ड्रायव्हरांना गोळा केलं.

"मंगळवारी वेगळं काही करायचं नाही. नेहमीसारखं वागा."

"म्हणजे कसं?" काकांनी विचारलं. काका सगळ्यांत जुने ड्रायव्हर.

"म्हणजे गाडी चालू ठेवून झोपा."

"साहेबांसमोर?"

"साहेबांसमोरच!"

काकांनी पैलवानाकडे पाहिलं, पैलवानानं काकांकडे. दोघांनी माना डोलावल्या. तेवढ्यावर शेठ निर्धास्त झाले, आणि तिथंच चुकलं.

मंगळवारी सरकारी पाटीची पांढरी गाडी फाटकातून आत आली, तेव्हा शेठ ऑफिसात ग्लास विसळत होते. अचानक त्यांना शांतता ऐकू आली. बाहेर येऊन बघतात तो सहाही इंजिनं गप्प. सगळे ड्रायव्हर गणवेशात, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात गाडीचे कागद. सरकारी गाडी दिसली की हे असं करायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. शेठनी एका दिवसात सांगितलेलं त्यापुढं काय टिकणार?

साहेब तरुण होते आणि मोजकं बोलत. ते पैलवानाच्या गाडीपाशी थांबले. पैलवान सीटवर पट्टा लावून ताठ बसला होता.

"पट्टा का लावलाय?"

"सुरक्षेसाठी, साहेब."

"गाडी तर उभी आहे."

"उभ्या गाडीलापण कुणी येऊन ठोकतं, साहेब."

"इंजिन चालू ठेवून बसता का कधी?"

"छे छे!" मागून काका ठासून म्हणाले. "आपल्याकडं ते चालतच नाही."

शेठ साहेबांच्या पाठीमागून दोन्ही हात हलवत होते. शेठ शाबासकी देताहेत असं समजून काकांना जोर चढला. "एकदा एकानं चालू ठेवली होती. शेठनी त्याला काढून टाकला."

शेठनी हुकमाचं पान काढलं. "साहेब, वर घरमालकीण बाई राहतात. त्यांना विचारा. त्यांचं माझ्याबद्दल फार वाईट मत आहे."

साहेबांनी वर बघून विचारलं, "बाई, या गाड्यांचा त्रास होतो का?"

"त्रास?" बाईंनी चष्मा सारखा केला. "मुळीच नाही. चौथीत माझ्या वर्गात होता तो. गुणी मुलगा."

साहेबांनी शेठचा हात हातात घेतला. "असं आवार मी आजवर पाहिलं नाही. सगळे तुमच्यासारखे असते, तर या योजनेची गरजच पडली नसती." ते गाडीत बसले. शेठ गाडीमागं फाटकापर्यंत धावले. "साहेब, आम्ही चांगले नाही हो! फार वाईट आहोत! एक संधी द्या!"

साहेबांनी काच खाली केली. "ठीक आहे. पुन्हा येईन. पण आता न कळवता."

शेठ जिना चढून वर गेले. बाई शांतपणे पेपर वाचत होत्या.

"बाई, हे काय केलंत?"

"मग? बाहेरचा माणूस येऊन माझ्या विद्यार्थ्याला दंड करणार आणि मी बघत बसू? तुला रागवायचं तर मी आहे."

"दंड करायला नव्हते आले, पैसे द्यायला आले होते!"

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं? बरं, पुढच्या वेळी काय म्हणू?"

"तक्रार करा."

"मला खोटं बोलायला सांगतोस?"

"खरं बोलायला सांगतोय, बाई!"

त्या दिवसापासून आवारातलं एकही इंजिन बंद होईना. साहेब कधीही येतील, तेव्हा गाडी चालूच दिसली पाहिजे. शेठनी सगळ्यांचे गणवेश कपाटात कोंडले आणि किल्ली खिशात घातली. आलेली दोन भाडी सोडली. पंपावरसुद्धा कुणाला जाऊ दिलं नाही, कारण नेमके तेव्हाच साहेब आले तर? कालपर्यंत ज्या दारांवर ते थाप मारत, त्याच दारांवर थाप मारून आता विचारू लागले, "चालू आहे ना? बंद नाही ना केलीस?"

"शेठ, डोकं उठलं," पैलवान म्हणाला. "जरा बंद करू का?"

"बंद केलीस तर बघ!"

बाईंनी कानात कापसाचे बोळे घातले आणि काठी खिडकीपासून लांब ठेवली. "ती हाताशी असली की हात चालतो," त्या शेठच्या बायकोला म्हणाल्या.

साहेब आले नाहीत. आठवडा सरत आला आणि एका सकाळी काकांची गाडी खोकून बंद पडली. मग पैलवानाची, मग शेजारची. सहाही टाक्या एकाच दिवशी, सारख्याच भरल्या होत्या, त्या न्यायानं एकाच सकाळी सारख्याच संपल्या. कॅनमधून डिझेल आणून ओतलं, पण तोवर पाइपांत हवा शिरली होती. ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होईना. ड्रायव्हर पाने घेऊन गाड्यांखाली शिरले.

आणि त्याच वेळी फाटकातून पांढरी गाडी आत आली.

"पुन्हा सगळं शांतच," साहेब म्हणाले.

"साहेब, डिझेल संपलं!" शेठ रडकुंडीला आले. "आठवडाभर गाड्या जागच्या हलल्या नाहीत, तरी संपलं! बाई, सांगा ना!"

बाई खिडकीत आल्या. कानातले बोळे काढून त्यांनी हातात धरले. "आवाज होतो. भयंकर होतो."

"मागच्या वेळी आपण होत नाही म्हणालात."

"खोटं बोलले होते." एवढं बोलायला बाईंना कठीण गेलं. गाड्यांखालचे पानेसुद्धा थांबले.

साहेबांनी विचार केला. "एकाच व्यक्तीची दोन उलटसुलट म्हणणी. नियमानं दोन्ही धरता येत नाहीत. मला स्वतः पाहावं लागेल. गाड्या सुरू होईपर्यंत मी थांबतो."

शेठनी सावलीत खुर्ची मांडली. साहेब तीत थोडा वेळ बसले, घाम पुसला, पत्र्याकडे पाहिलं आणि उठून आपल्या गाडीत जाऊन बसले. काचा वर झाल्या. इकडे हवा काही निघेना. एक इंजिन सुरू होई आणि दोन आचके देऊन मरे. दुपार चढली. सगळ्या आवारात एकच गाडी धडधडत होती, ती पांढरी.

खिडकीच्या गजांवर काठीचे फटके बसले. कुणी काही विचारायच्या आत बाई जिना उतरून खाली आल्या होत्या. त्यांनी काठीनं पांढऱ्या गाडीच्या काचेवर टकटक केली.

"अहो, गाडी उभीच आहे ना?"

काच बोटभर खाली आली. आतून गार वारा आला. "हो, बाई."

"मग चालू कशाला?"

"बाई, बाहेर किती तापलंय बघा," साहेब म्हणाले. "बंद केली तर बसवत नाही हो."

काका गाडीखालून अर्धे बाहेर आले. पैलवानानं पाना खाली ठेवला. साहेबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ड्रायव्हरच्या, आणि काच हळूहळू पूर्ण खाली केली.

"सहा ना?" त्यांनी शेठना विचारलं.

"सहा, साहेब."

महिना संपायच्या आत सहाही टपांवर पांढरे डबे बसले. आवारात आता पंख्याएवढाच आवाज असतो. बाईंची काठी जिन्यापाशी उभी असते आणि शेठचा फोन मधेच तुटत नाही.

पुढं कधीतरी साहेब येऊन गेले, तेव्हा शेठच्या बायकोनं त्यांच्या गाडीच्या टपाकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"तुमच्या गाडीला नाही बसवला, साहेब?"

"अर्ज केला होता," साहेब म्हणाले. "वरच्या ऑफिसातून पाहणीला आले होते. नामंजूर झाला."

"का?"

साहेबांनी आपल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. तो फाटकाशी पैलवानाबरोबर चहा पीत होता. "ते आले तेव्हा हा गाडी बंद करून, गणवेश घालून, पट्टा लावून बसला होता."