चारच्या आत

नामदेवकाकांपुढे फोटो दाखवायला मोबाइल धरला, की ते फोटो पाहत नाहीत, मोजायला लागतात. "एक... दोन... तीन..." मोठ्यानं आणि डोळे मिटून. ढाणकीत त्यांच्या घरासमोरच माझं झेरॉक्स आणि फोटो-फ्रेमचं दुकान आहे, त्यामुळे हा ताप मला रोजचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा फोटो मी हौसेनं त्यांच्या मोबाइलवर पाठवला. तो उघडला तेव्हा काका सातवर होते.

"जावई चांगला हाय," ते म्हणाले, "पण लय उशिरा येते."

काकांची सारी नोकरी उमरखेडच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेली. खोलीभर रुई दाबून तिची पेटीएवढी गाठ बांधायची, हे त्यांचं काम. मोबाइलमधला फोटोही त्यांच्या मते तसाच दाबून ठेवलेला. "दाबाले काही नाही लागत. सोडाले जीव लागते. तुह्या मोबाइलमंधी दहा हमाल हायेत. माह्यावाल्यात एकच, तोही म्हातारा."

त्यांचा मोबाइल खरंच म्हातारा होता. कोपरा फुटलेला, वर चिकटपट्टी. मुलीनं, वंदनानं, नागपूरहून नवा पाठवला होता, तो खोक्यासकट कपाटात पडून. काहून वापरत नाही म्हणून विचारलं, की "जमत नाही" एवढंच उत्तर.

मग या म्हाताऱ्या हमालाला पळवायचे उद्योग सुरू झाले. एका लग्नात त्यांनी फोटोग्राफरला झापलं, "मागचा मांडव कायले घेतो बे? मांडवानं वजन वाढते." गावच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाब टाकणाऱ्या एका गरीब मास्तरांना त्यांनी लिहिलं, "ओला कापूस पाठवू नका." मास्तर तो निरोप घेऊन माझ्याकडे आले आणि याचा अर्थ काय म्हणून विचारू लागले. मी काय सांगणार, कपाळ?

शेवटी युक्ती काकांनाच सापडली. प्रेसिंगमध्ये म्हणे प्रत्येक गाठीतली मूठभर रुई पुडीत बांधून तिच्यावर गाठीचा नंबर टाकतात. व्यापारी तो नमुना पाहूनच माल ओळखतो, गाठ सोडावी लागत नाही. "आपणबी फोटोचे नमुने काढू," काका म्हणाले आणि माझ्या कॉम्प्युटरशेजारी ठाण मांडून बसले. प्रत्येक फोटोतला नुसता चेहरा कापायचा, बारीक करायचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. "चेहऱ्याले लागते काय? कपाळ, नाक, हनुवटी. बाकी सारी सरकी." गिऱ्हाइकं खोळंबायची, मी चिडायचो. काकांचं एकच टुमणं, "चारच्या आत उघडला पाह्यजे. पाच झाले का काम गेलं."

कसलं काम, हे मी कधी विचारलं नाही. म्हाताऱ्याला वेळ जात नाही, असंच मी धरून चाललो होतो.

त्या फोटोंमध्ये एक काकांचा स्वतःचा होता. तरणाबांड गडी, खाकी शर्ट, प्रेसच्या दांड्यावर हात आणि तोंडभर हसू. मला तो इतका आवडला की मी तो मोठा करून, चांगली सागवानी फ्रेम घालून दिवाळीला त्यांना भेट दिला. दुसऱ्याच दिवशी काकांनी तो आणून माझ्या काउंटरवर पालथा ठेवला.

"हे नको."

"काहून? वजनाले भारी झाला काय?" मी टोमणा मारला. ते हसले नाहीत, निघून गेले. मलाही राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

नवव्या दिवशी त्यांचं माझ्या दुकानात विसरलेलं रेशनकार्ड द्यायला गेलो. काका अंगणातच भेटले. गिरजाकाकू गेली दोन वर्षं बाहेर दिसत नव्हत्या. गुडघे दुखत असतील असं मला वाटायचं, म्हणून त्यांची विचारपूस केली.

"तिले काही याद राह्यत नाही," काका हळूच म्हणाले. "वंदी कोठी गेली म्हणते, हे अजून आले नाही म्हणते, अन् पाहाले निघते. मीच तो म्हटलं का भेते. मोबाइलमंधी फोटो दिसला का बसते. पण पाच मोजेपर्यंत काय पाहून राह्यली तेच इसरते, अन् तशीच दाराबाहेर पडते. एकडाव नाल्यापर्यंत गेलती. नवा मोबाइल तिच्या हातात देल्ला, त कोणाचा उचलून आणला म्हणे, वापस देऊन या."

"अन् माझी फ्रेम?"

"भितीवर फ्रेम पाह्यली अन् तिनं कुंकू पुसलं. दिवसभर रडली. मी समोरच उभा होतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे भिंतीवर फ्रेममध्ये कोण असतं, हे फ्रेमा विकणाऱ्या मला कळू नये?

आत गेलो. काकू खाटेवर बसल्या होत्या. कपाळावर कुंकू परत आलं होतं, थोडं वाकडं. काकांनीच लावलं असणार. त्या आमच्या दोघांकडे पाहून उठल्या आणि चप्पल शोधू लागल्या.

"आमचे हे आले नाही अजून. पाहून येतो."

काकांनी त्यांना धरलं नाही. मोबाइल काढला आणि पुटपुटले, "एक... दोन..."

दोनवर खाकी कॉलरपुरता कापलेला तो तरणा चेहरा हसला. काकू दारातच थांबल्या. फोटोवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ड्यूटीवर हायेत वाटते," त्या म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "बसा ना भाऊ. हे येतीनच आता. आले का चहा मांडतो."

"बसतो," काका म्हणाले, आणि काकूंच्या शेजारी स्वतःचीच वाट पाहत बसले.