आ करा, धून लागली

रुग्ण: मी. वय सेहेचाळीस. व्यवसाय दंतवैद्य. वीस वर्षं दुसऱ्यांचे केसपेपर भरले, हा माझा स्वतःचा.

तक्रार: हुशारी. अधूनमधून उसळते आणि ठणका घरच्यांना लागतो.

कधीपासून: एका पुस्तकापासून. माझ्याकडे येणारी माणसं दाढेपेक्षा ड्रिलच्या आवाजाला जास्त घाबरतात. बाहेर बाकावर बसलेला चांगला धडधाकट माणूस आतून ‘झुंईऽऽ’ ऐकू आलं की हळूच चपलेत पाय सरकवू लागतो. ही भीती मी दाढेसारखी मुळासकट उपटून दाखवणार होतो! कारण मला मानसशास्त्राचं एक पुस्तक सापडलं होतं. त्यात एक शास्त्रज्ञ कुत्र्याला जेवण देण्याआधी घंटा वाजवायचा. रोज आधी घंटा, मग जेवण. शेवटी नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. पुढची पानं बाकावरच्या कुणा घाबरलेल्या रुग्णाने कुरतडली होती. पण काही माणसं अर्ध्या हळकुंडाने पिवळी होतात. मला चिमूटभर पूड पुरते.

उपचार: माझी मुलगी बारा वर्षांची आहे, व्हायोलिन शिकते. गेल्या वर्षी संगीतवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमात ती वाजवत असताना पुढच्या रांगेतल्या दोघांनी घराला कोणता रंग द्यावा ते ठरवलं आणि एक जण घोरला. (तो मी नव्हे. मी नंतर घोरलो.) घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी अजून एकदा वाजवीन. तेव्हाही कुणी ऐकलं नाही, तर व्हायोलिन माळ्यावर."

त्यानंतर ती एकच धून घोटत बसली. संथ, मधासारखी गोड धून. मी ती फोनवर रेकॉर्ड केली. रुग्ण खुर्चीत बसला की धून लावायची, "आ करा" म्हणायचं आणि ड्रिल सुरू करायचं. गोड धुनेच्या संगतीत ड्रिलही गोड वाटू लागणार, आणि कार्यक्रमाआधीच मुलीची धून सगळ्यांच्या कानांत बसणार. एका दगडात दोन पक्षी! पाच महिने एक दिवस खाडा केला नाही.

परिणाम: पहिला पोस्टमन. त्याची अक्कलदाढ मी दोन बैठकांत काढली होती. एका संध्याकाळी मुलगी खिडकीशी वाजवत होती. तो फाटकाशी आला, थबकला, गाल धरला, पत्रं कुंपणावरून आत भिरकावली आणि सायकलवर टांग मारून पसार झाला. मला वाटलं, घाईत असेल. मग शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आपला फेरफटका पलीकडच्या गल्लीत हलवला. आठवड्याभरात मुलीनेच विचारलं, की ती वाजवायला लागली की रस्ता रिकामा का होतो.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"घंटेनंतर कुत्र्याला काय मिळायचं?"

"जेवण."

"आणि तुमच्या धुनेनंतर माणसांना?"

मी ओट्यावरचा डाग पुसू लागलो.

"अहो, धुनेने ड्रिल गोड नाही केलं. ड्रिलने धून कडू केली. कार्यक्रमाला कोण येणार आहे, कळतंय का? गावात दंतवैद्य एकटे तुम्हीच आहात."

ओटा स्वच्छ झाला. माझं धाबं दणाणलं ते दणाणलंच.

उलट उपचार: बायकोने शाळेतून त्याच पुस्तकाची धड प्रत आणली. कुरतडलेल्या पानांवर उतारा होता! घंटा वाजवायची आणि जेवण द्यायचंच नाही. पुष्कळ वेळा असं केलं की कुत्र्याची सवय ओसरते. म्हणजे आता नुसती धून, ड्रिल बंद. हातात पंधरा दिवस होते. मी दारावर पाटी लावली, ‘या, बसा, फक्त धून ऐका. दात पाहिले जाणार नाहीत.’ दंतवैद्याच्या पाटीवर कोण विश्वास ठेवतो? पंधरा दिवसांत एकच आजोबा आले. त्यांना कवळी होती.

संकट: घरोघरची मुलं वाजवणार होती, त्यामुळे सभागृह खचाखच भरलेलं. तिसऱ्या रांगेत तीन रूट कॅनाल, पाचवीत चार अक्कलदाढा, मागे कीडच कीड. मी माणसं अशीच ओळखतो. मुलगी मंचावर आली. आधी तिने पुढच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गज तारेवर टेकला.

पहिल्या सुराला पोस्टमनने खुर्चीचे दांडे घट्ट धरले. मुख्याध्यापकांनी मान मागे टाकून डोळे मिटले. आणि मग वाऱ्याने शेत वाकावं तसा रांगेमागून रांगेने आ केला! सगळ्या सभागृहाने. नुसती धून आणि दीडशे तोंडं उघडी. कुणी खोकलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. एवढा आ करून माणूस घराच्या रंगाची चर्चा करू शकत नाही. कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि मी? मी उठलो, पुढच्या रांगेतल्या बाईंच्या तोंडात वाकून पाहिलं आणि म्हणालो, "अजून थोडं मोठं." बायकोने शर्टाला धरून मला खाली बसवलं.

धून संपली. तोंडं मिटली. ड्रिल काही आलं नाही. दीडशे माणसांनी एकदम सुस्कारा सोडला आणि नंतर अशा टाळ्या पडल्या, की ज्याची दाढ ऐन वेळी वाचली तोच तशा टाळ्या वाजवू शकतो.

मुलगी धावत आली. "बाबा, बघितलंस ना? सगळे आ वासून ऐकत होते. एक काका तर रडले!"

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं.

"आता मी व्हायोलिन कधीच सोडणार नाही," मुलगी म्हणाली. "पुढच्या वर्षी नवी धून."

पुढची तारीख: सोमवारपासून रोज. नव्या धुनेचं रेकॉर्डिंग बायकोने स्वतः करून दवाखान्यात आणून दिलं आहे.

चला, आ करा.