डावा गुडघा मंजूर

विमा कंपनीचा निरोप वाचून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बाईंचा उजवा गुडघा सुजून भोपळा झाला होता आणि आरोग्य योजनेने स्कॅन मंजूर केला होता डाव्याचा.

बाई म्हणजे त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, आता त्यांच्याच पेशंट. पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि तपासणी होई. मग सगळे पेशंट योजनेत गेले. "दवाखान्यात काय माश्या मारत बसणार?" असं बायको म्हणाली, तेव्हा डॉक्टरही मुकाट्याने त्यात शिरले. आता साधं औषध द्यायचं तरी कंपनीला विचारावं लागे.

त्यांनी फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेत घोळल्यासारखी बोलत होती.

"सर, डावा वापरल्याशिवाय नवीन अर्ज घेता येत नाही."

"अहो, गुडघा आहे तो, कूपन नाही!"

शेवटी निमूटपणे डाव्याचा स्कॅन झाला. रिपोर्ट आला : गुडघा ठणठणीत. डॉक्टरांनी लगेच उजव्यासाठी अर्ज केला.

"नामंजूर, सर. गुडघा निरोगी आहे असं रिपोर्टच सांगतो."

"तो डावा!"

"आमच्याकडे फक्त 'गुडघा' अशी नोंद आहे, सर. पण दोन्ही दुखत असतील तर वेगळ्या गटात बसतं."

डॉक्टरांनी बाईंपुढे अक्षरशः हात जोडले. "बाई, एकदाच म्हणा, डावाही दुखतो."

"न दुखणारा दुखतो म्हणू? हेच शिकवलं होतं का रे मी तुला?"

बाई लंगडत गेल्या. रोज सगळा भार डाव्यावर टाकून जिना चढत-उतरत राहिल्या आणि एका सकाळी दवाखान्यात आल्या त्या दोन काठ्या घेऊन, पण चेहरा खुललेला.

"अरे, दुखायला लागला! डावाही! आता खोटं बोलायला नको."

"अरे वा! अभिनंदन, बाई!" डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठलेच. बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघू लागले, तसे ते ओशाळून खाली बसले.

या वेळी फोनवरची मुलगीही खूश झाली. "मंजूर, सर! मंगळवारी स्कॅन. फक्त त्या दिवशी दोन्ही गुडघे दुखत असायला हवेत. आमचा माणूस दाबून बघेल."

डॉक्टरांनी फोन ठेवला. बाई कण्हत उठल्या. "तोवर काही गोळी देतोस का रे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

डॉक्टरांचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. बाईंच्या डोळ्यांत बघायची त्यांना हिंमत होईना.

"उजव्यापुरती मिळते का बघतो," ते पुटपुटले. आणि आयुष्यभर लोकांची दुखणी घालवत आलेला तो माणूस मनातल्या मनात म्हणाला, 'देवा, मंगळवारपर्यंत डावा बरा होऊ देऊ नकोस.'