सेवा सुरू केल्याबद्दल

जबलपूरच्या एका वैद्यकीय मंजुरी कार्यालयात सोमवारपासून संगणकावर एकच ओळ येत होती : 'डेटाबेस सर्व्हरने जोडणी नाकारली आहे.' कार्यालयाने ती ओळ छापून खिडकीवर चिकटवली आणि आपली जबाबदारी पूर्ण केली.

संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले रत्नाकर दाणी रोज रांझी उपनगरातून येऊन ती ओळ वाचत. शुक्रवारी त्यांच्या पत्नीचं, शरयूताईंचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. मंजुरीपत्राशिवाय रुग्णालय दाखल करून घेत नव्हतं.

बुधवारी कंत्राटी अभियंता प्रणोतीने तपासणी केली. लिनक्सचा सर्व्हर चालू होता, नेटवर्क ठीक होतं. शनिवारी वीज जाऊन आल्यावर सर्व्हर पुन्हा उठला, पण डेटाबेस आपोआप सुरू व्हायची सोयच कुणी करून ठेवली नव्हती.

"एक कमांड द्यायची, सर. अर्धं मिनिट," तिने अधीक्षक मुरलीधरजींना सांगितलं.

"पण बंद कोणी केला?"

"कोणीच नाही."

"मग सुरू कसा करणार? आधी दोषी ठरू द्या. चलो, परवानगीसाठी पोर्टलवर अर्ज टाका."

"पोर्टलच बंद आहे, सर."

"अच्छा! म्हणूनच तुमचा अर्ज आला नाही."

गुरुवारी रत्नाकर खिडकीशी आले. "बेटा, काहून होऊन नाही राहिलं? उद्या ऑपरेशन आहे."

प्रणोती आत गेली आणि तिने कमांड दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणचाळीस मंजुरीपत्रं निघाली.

सुट्टीनंतर तिला नोटीस मिळाली : विनापरवानगी सेवा सुरू केल्याबद्दल खुलासा करावा. चौकशीसाठी मूळ स्थिती आवश्यक असल्याने डेटाबेस पुन्हा बंद करण्यात आला. तो बंद करायला मात्र परवानगी लागली नाही.

महिन्याभराने समितीने तिच्याकडे पुरावा मागितला : या कृतीने कुणाची अडचण दूर झाली, असं एका तरी लाभार्थ्याने लेखी द्यावं. प्रणोती रांझीला रत्नाकरांच्या घरी गेली. शरयूताईंनी स्वतः उठून चहा केला.

"तू देवासारखी धावलीस, बेटा," रत्नाकर म्हणाले, "पण लेखी नको. आमची पुढची फाइल तिथंच जाते ना!"

एकोणचाळीस जणांनी तिला आशीर्वाद दिले. सही एकानेही दिली नाही. समितीने 'लाभार्थी आढळले नाहीत' असा शेरा मारून प्रणोतीचं कंत्राट संपवलं.

वाचून आपल्याला संताप आला असेल. स्वाभाविक आहे. तेवढा लेखी देता का?