टिपरच्या कोपऱ्यातला बूट

कायोटी पकडायला सापळा लागत नाही, जागा लागते! हे वाक्य माझं आहे आणि आमच्या तालुक्यात ते सगळ्यांना पाठ आहे. कारण मी ते चर्चमध्ये, दवाखान्यात, धान्याच्या गोदामावर, जिथे संधी मिळेल तिथे म्हणतो. सापळा काय, कोणीही विकत आणतो. पण कोल्ह्याहून मोठं आणि लांडग्याहून लहान असलेलं हे धूर्त जनावर नेमकं कुठे पाऊल टाकणार, हे सांगायला ओर्लिन त्वेतनच लागतो. ओर्लिन त्वेतन म्हणजे मी.

यंदा मात्र गोष्ट बढाईच्या पलीकडे गेली होती. माझी बायको आर्डिस हिची उशिरा झालेली कोकरं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. ही कोकरं तिने स्वयंपाकघरात, शेगडीजवळ, बाटलीने दूध पाजून जगवलेली. एके सकाळी कुंपणाशी नुसती लोकर सापडली. ती हातात घेऊन आर्डिस म्हणाली, "ओर्लिन, अजून एक गेलं ना, तर मी उरलेली विकून टाकीन. मला हे बघवत नाही."

"एक आठवडा दे मला," मी म्हणालो. "जागा शोधतो!"

आता जागा शोधणं म्हणजे काय, ते ऐका. झाडीत कायोटीला वाटाच वाटा असतात आणि उघड्या माळावर वाटच नसते. मग शहाण्या माणसाने कुठे बसावं? झाडी संपते आणि गवताचं रान सुरू होतं त्या काठाला! कायोटी काठाकाठाने चालतो. एक डोळा माळावर ठेवायचा आणि धोका दिसला की झाडीत सटकायचं, हा त्याचा बेत. त्यात तारेखालून सरपटायची फट असेल, बाजूला लहानसा उंचवटा असेल आणि वारा वाटेकडे वाहत असेल, तर ती जागा म्हणजे लग्नाचा हॉल. सगळे येणारच.

आणि अशी जागा मला मिळाली! आमच्याच शेताच्या पार टोकाला, ओकच्या झाडीचा कोपरा गवतात घुसतो तिथे. तारेला केस अडकलेले, मातीत पंजेच पंजे. मध्ये एक सपाट दगड आणि त्याच्या आजूबाजूला चघळलेली हाडं. मला अक्षरशः भरून आलं.

पण दगडाच्या अलीकडेच बुटाचे ठसे होते.

मी गुडघ्यावर बसलो. मोठा रबरी बूट, टाचेवर ठिगळ, पावलं आत वळलेली. वारंवार आलेला माणूस. आणि हाडं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कायोटीला आधी फुकट खायला घालून जागेची सवय लावायची आणि मग सापळा मांडायचा, ही युक्ती इथे एकच माणूस करतो. व्हर्लिन स्टेनेरूड! माझा शेजारी, माझ्याइतकाच म्हातारा, आणि कायोटीच्या बाबतीत मी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणणारा. दुसऱ्याच्या जागेवर सापळा मांडणं आमच्यात दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं समजतात. आणि हा तर माझ्या शेतात घुसला होता!

"टाचेला ठिगळ!" मी घरी येऊन आर्डिसला म्हणालो. "बुटाला ठिगळ लावून वापरणारा चिकट माणूस दुसरा कोण असणार?"

"ठिगळ लावलं तर काय बिघडलं?" आर्डिस म्हणाली आणि भांडी जरा जोरातच घासायला लागली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला कामं होती.

सापळे झाडाच्या सालींत उकळले. हातमोजे उकळले. माणसाचा वास म्हणजे या धंद्यातला शत्रू! बायकोने मिठी मारायला नको म्हणून मी सकाळी तिच्यापासून लांब उभा राहिलो. मग काठावर, फटीच्या अलीकडे, जिथे पाऊल पडणारच पडणार, अगदी तिथे सापळा पुरला आणि वर चाळलेली माती पसरली. तशी माती खुद्द निसर्गालाही पसरता आली नसती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेलो, तर सापळा मिटलेला!  जवळ जाऊन बघतो तर काय, जबड्यात बूट. मोठा, रबरी, टाचेला ठिगळ असलेला. आत पाय नव्हता, देवाची कृपा.

घरी आलो तेव्हा शेगडीवर आर्डिसचा एकच पायमोजा वाळत होता. ओल्या मातीत कायोटी जेवलाय की उपाशी आहे हे ओळखणारा मी, त्या मोज्याखाली बसून अंडी खाल्ली.

त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात लुटेफिस्कचं जेवण होतं. या माशाबद्दल मी एवढंच सांगतो की तो थरथरतो, आणि आम्ही वर्षातून एकदा तो पूर्वजांच्या आदराखातर गिळतो. सगळं गाव जमलं होतं. मी गोणपाटातून बूट काढला आणि व्हर्लिनच्या ताटाशेजारी ठेवला.

"ओळखतोस?"

व्हर्लिनने बूट बघितला. मग मासा बघितला. "ओर्लिन, दोन्हींपैकी मला बूट जास्त आवडला."

"विनोद नको! माझ्या कोपऱ्यात हाडं टाकतोस, माझ्या जागेवर येतोस, लाज नाही वाटत?"

"तुझी जागा? तुला कधी जागा सापडलीय का रे, लेका?"

"घालून दाखव!"

 पास्टरबाईंनी हातातला बटाटा खाली ठेवला. व्हर्लिन गंभीरपणे उठला, खुर्ची ओढली, स्वतःचा बूट काढला. त्याचं पाऊल बाहेर आलं आणि माझा धीर खचला. ते पाऊल म्हणजे पाव भाजायचा ट्रे होता! घोट्यापर्यंतसुद्धा आत जाईना.

"मग कोणाचाय हा?" मी ओरडलो. सगळा हॉल आपापल्या पायांकडे बघायला लागला.

"माझा," मागून आवाज आला. आर्डिस कॉफीची किटली घेऊन उभी होती. "म्हणजे तुझाच. गोठ्यात टाकून दिलेलास तू. ठिगळ मी लावलं."

"तू? तू तिथे काय करत होतीस?"

ती किटलीकडे बघत राहिली. "टिपर आहे तिथे."

टिपर आमचा कुत्रा. माझ्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इस्पितळात असताना गेला. आर्डिसने एकटीने पुरला. मी परत आलो आणि "म्हातारा झाला होता तो," असं म्हणून मोकळा झालो. कुठे पुरलास, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

"सकाळी जाते मी अधूनमधून," ती म्हणाली. "रविवारच्या मटणाचा त्याचा वाटा नेते. इतकी वर्षं दिलाय, हात थांबत नाही."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी व्हर्लिनकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही एकाच क्षणी कळलं. आणि जिला कळू नये असं वाटत होतं, तिलाही कळलं. 

"ओर्लिन, ते... त्या मटणासाठी आले का रे? माझी कोकरं त्याने गेली?"

कायोटीबद्दल कोणी काही विचारलं नाही तरी मी आयुष्यभर उत्तरं देत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा ते बनवावं लागलं.

"छे!" मी म्हणालो. "कायोटी शिजवलेल्या मांसाला तोंड लावत नाही."

त्या हॉलमध्ये सापळे मांडणारे निदान डझनभर पुरुष बसले होते. सगळे माशावर वाकले.

"बरोबर आहे," व्हर्लिन एक पाय अनवाणी ठेवून म्हणाला. "मीठ घातलेल्याला तर नाहीच नाही. ओर्लिन सांगतो ते खरं आहे."

आर्डिसने मान हलवली आणि व्हर्लिनचा कप भरला. मी सुटकेचा श्वास सोडला.

 ट्रकमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "तुम्हा दोघांचं कायोटीवरून आजवर कधी एकमत झालंय?"

मी गाडी चालवत राहिलो.

"म्हणजे माझ्यामुळेच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली. मला बोलता खूप येतं, पण असं बोलता येत नाही. तिचा हात धरून बसलो. फार वाईट वाटलं मला, तिच्यासाठी आणि टिपरसाठीही.

"जागा तू निवडलीस?" मी शेवटी विचारलं.

"मी कुठली! तोच रोज तिथे जाऊन बसायचा. झाडीकडे तोंड करून."

म्हणजे माझ्या आधी, उकळलेल्या हातमोज्यांशिवाय, त्या कुत्र्याला ती जागा ठाऊक होती. तो तिथे बसायचा म्हणून आमची कोकरं इतकी वर्षं सुखरूप होती!

दुसऱ्या दिवशी मी सापळे उचलले. आता सकाळी आम्ही दोघं जातो, थर्मास घेऊन. मटण बंद. आर्डिस दगडावर बसते, कपातला शेवटचा घोट टिपरसाठी ओतते, आणि मी तिला कायोटीची माहिती सांगतो. त्यानंतर एकही कोकरू गेलं नाही. परवा व्हर्लिन येऊन काठावर वाकला आणि जमीन हुंगून म्हणाला, "माणसाचा वास मुरलाय रे इथे! आता दहा वर्षं काही फिरकणार नाही. चांगल्या जागेची वाट लावलीस."

मी आर्डिसला म्हटलं, "बघ, वासाचा परिणाम!"

"वासाचा?" ती म्हणाली. "अरे, रोज पहाटे तुझं भाषण ऐकायला कोणता कायोटी थांबेल?"