राग तिचा की शुगरचा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला मानलं. (मी स्वतः निम्मंच मानते, आणि ते निम्मंही माझ्याच तोंडचं.)

समोरच्या शिवणबाईला डॉक्टरनं इन्सुलिन सुरू केलं. सगळ्यांना वाटलं, बाई सुईला घाबरेल. अगं, पस्तीस वर्षं पायमशीन चालवलेली बाई ती. बोटातून सुई आरपार गेली तरी आधी बाही पुरी करणार, मग बोंब मारणार. तिनं इन्सुलिनची सुई उजेडात धरली आणि नर्सला म्हणाली, हिनं तर साधं बटणसुद्धा लागायचं नाही.

घोळ सुईनं नाही केला. डॉक्टरच्या एका वाक्यानं केला. तो सुनेला म्हणाला, शुगर एकदम उतरली तर घाम येईल, हात थरथरतील, माणूस उगाच चिडेल; तसं झालं की लगेच साखरेचं पाणी पाजा. सून शिकलेली, हुशार. घाम विसरली, थरथर विसरली, चिडणं तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

आता शिवणबाई जन्मल्यापासून चिडतेय. गिऱ्हाइकानं माप देताना पोट आत ओढलं की चिडते, नाही ओढलं तरी चिडते. पण तोंड उघडलं रे उघडलं की सून पेला घेऊन हजर. एकदा "भाजीत मीठ" एवढंच म्हणून झालं होतं, तेवढ्यात चमचा तोंडात. संध्याकाळी शुगर साडेतीनशे. डॉक्टर तिच्यावरच खेकसला, चोरून गोड खाता म्हणून. (डॉक्टरला मात्र कुणी साखर पाजली नाही.)

त्यातच मुलानं ठरवलं, शिवणयंत्र विकायचं. आई आता पेशंट, पेशंटनं पडून राहायचं, म्हणून यंत्राच्या जागी खिडकीशी पलंग टाकायचा. शिवणबाई म्हणाली, यंत्र जाणार नाही. मुलगा बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "शुगर उतरली बघ."

इथं बाईचं टाळकं सरकलं. नवरा गेला, दात गेले, गोड गेलं, तिनं हूं की चूं केलं नाही. पण राग? तो तिचा स्वतःचा होता, आणि हे लोक तोही पेल्यात विरघळवून तिलाच पाजत होते.

मग तिनं युक्ती काढली. भांडायच्या आधी बोटाला टोचून घ्यायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर, आणि शुगरचं मीटर सगळ्यांच्या नाकापुढे.

"एकशे अठ्ठेचाळीस. हा राग माझा आहे. आता ऐका."

सून पेला घेऊन गुपचूप परत. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली आणि बाईला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, चेहऱ्यावर तेज आलं. पण दिवसाला सात भांडणं म्हणजे बोटांची चाळणी. मग तिला कळलं, पट्टी न घालता नुसतं बटण दाबलं तरी जुना नंबर दिसतो. झालं. एकाच एकशे अठ्ठेचाळीसवर बाई आठवडाभर भांडली.

आणि एका दुपारी जुन्या यंत्रांचा दुकानदार आला. बाईनं जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलं होतं, पण जेवायला उठेना. उठले तर उचलून नेतील, म्हणून यंत्राला चिकटून बसली. तासभर दुकानदार आणि मुलगा बोलत राहिले. शेवटी दुकानदारानं चाकाला हात लावला, तशी बाई उठली. मीटर दाखवलं आणि सुटली. दुकानदार मागं सरकत सरकत दाराबाहेर.

सून मात्र बघत होती. बाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, हात लटलट कापत होते. तिनं मीटर हिसकावलं, नंबराखालची बारीक तारीख वाचली. गेल्या मंगळवारची. नवी पट्टी घातली. बावन्न.

साखरेचं पाणी पोटात गेलं, पंधरा मिनिटांनी बाई भानावर आली. यंत्र जागच्या जागी. मुलगा समोर बसून डोळे पुसतोय.

"आई, यंत्र कुठं जात नाही. तू जे बोललीस, त्यानंतर ते विकायची माझी छातीच नाही."

"काय बोलले मी?"

मुलानं उठून खिडकी लावून घेतली.

आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण ती जिंकली आणि तिला एक अक्षर आठवत नाही. आता वेळेवर टोचते, वेळेवर जेवते, पुन्हा खिडकीत बसून यंत्र खडखडवते. मुलगा काही सांगत नाही, म्हणून परवा मला विचारत होती. मी ऐकलंय सगळं, माझी खिडकी समोरच आहे. पण मी कशाला सांगू? ती म्हणाली होती, "मला पलंगावर निजवलंत, तर मी त्या समोरच्या म्हातारीसारखी होईन, दिवसभर दुसऱ्यांच्या घरात डोकावणारी, आणि दिसेल त्याला धरून थापा मारणारी." पोरगं त्यालाच घाबरलं.

हसतेस काय? जा आता.