गिरजाबाई वाचनालयात बसते

भर बाजारातून डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन एखादी बाई जाताना दिसली, तर ती गिरजाबाई आणि ती वाचायला निघाली आहे, हे आमच्या गावात कोणीही सांगेल. नवखा माणूस असला तर विचारतो, "का जी बाई, खुर्ची विकाची हाय का?" गिरजाबाई न थांबता म्हणते, "खुर्ची नाई विकाची. अक्कल पायजे असन तं ये मांगं मांगं."

माजरीच्या कोळसा खाणीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक कुरकुरणारा पंखा आणि रोज पुस्तकांवर नव्यानं बसणारी कोळशाची धूळ. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की कपाटाच्या काचा थरथरतात. आम्ही सगळे मान वर करतो. गिरजाबाई नाही करत. ती पदरानं पान पुसते आणि पुढं वाचते.

तिचा नवरा खाणीत होता. तो गेला, शेत तिनं ठेक्यानं दिलं, मुलगा हैदराबादला नोकरीला. त्यानं आईला करमावं म्हणून मोठा मोबाइल आणून दिला. गिरजाबाईनं तो थोडे दिवस पाहिला आणि कणगीवर ठेवून दिला. "थो आपुनच बोलत राह्यते, मले बोलूच देत नाई," असं तिचं म्हणणं. मग एके दिवशी वाचनालयाच्या दारात येऊन तिनं मला विचारलं, "भाऊ, इथी पुस्तक भेटते म्हन्ते. खरं हाय का?"

चौथी शिकलेली बाई. पहिलं पुस्तक तिनं बोट ठेवून वाचलं. दुसऱ्याच्या अर्ध्यात बोट सुटलं. नंतर तिला आवरणं कठीण झालं. कारण गिरजाबाई पुस्तक वाचत नाही, पुस्तकाशी भांडते. कादंबरीतली सासू सुनेला बोलली की इकडून आवाज येतो, "तुह्या पोरीले बोलन असं कोनी, मंग समजन!" नायक दारू प्यायला लागला की ती पुस्तक मिटून ठेवते आणि म्हणते, "राय तसाच. उद्या येईन मी." खुणेला तेंदूचं वाळलं पान. कुठं पानाचा कोपरा दुमडलेला दिसला, तर दुमडणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी. एकदा एक जाड कादंबरी माझ्या टेबलावर आपटून म्हणाली, "याचा शेवट बदलून आना. एवढी चांगली पोरगी फुकट मारली."

आता आमच्या वाचनालयात रोज बसणारी सगळी पुरुष मंडळी. त्यांचे म्होरके पांडुरंगभाऊ, खाणीतून निवृत्त झालेले फोरमन. पेपर आधी ते वाचणार, मग बाकीच्यांना वाटणार. बाईमाणूस पंख्याखाली येऊन बसलं, हे त्यांना काही पचेना.

"बाई," ते एकदा म्हणाले, "या वयात वाचून का कलेक्टर होऊन राह्यल्या?"

"तुमी तं इतके साल पेपर वाचून राह्यले जी. झाले का?"

सगळे हसले. पांडुरंगभाऊ सोडून. दुसऱ्या दिवसापासून ती आली की प्रत्येक खुर्चीवर कोणाचा तरी गमछा, पिशवी नाहीतर पाय. गिरजाबाईनं एकदा सगळीकडं पाहिलं, घरी गेली आणि स्वतःची खुर्ची डोक्यावर घेऊन आली. ती बरोबर पंख्याखाली ठेवली आणि बसली. "डोये माहे, येळ माहा, आता खुर्ची बी माही. कोनाच्या पोटात दुखून राह्यलं?"

शेवटी बैठक झाली. बायकांनी गुरुवारी दुपारी यावं, असा ठराव पांडुरंगभाऊंनी मांडला. गिरजाबाई दारात उभी होती.

"काऊन? गुरुवारीच भूक लागते का मले?"

"भूक अन् वाचन एक हाय का बाई?"

"तुमाले नसन. मले हाय. मी रोज येईन. उचलून फेका, मंग पाहू."

उचलून कोण फेकणार? ठराव बारगळला. पांडुरंगभाऊंनी पेपरची घडी घातली, म्हणाले, "मंग बसा तुमीच," आणि निघाले. त्यांच्यामागं बाकीचेही गेले. सगळे समोरच्या पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसू लागले.

गिरजाबाई जिंकली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या रिकाम्या खुर्च्यांकडं पाहून मोठ्यानं सांगितलं, "आता कशी शांती हाय." तिसऱ्या दिवशी पुस्तकातल्या नायिकेचा बाप खोटं बोलला, तरी ती काही बोलली नाही. त्यानंतर एकदा तर पुस्तक उघडलं, तेच पान कितीतरी वेळ समोर ठेवलं आणि मिटलं.

"भाऊ, ते लोक येत नाई का आता?"

"तुम्हीच तर घालवलं," मी म्हणालो.

ती उठली. पुस्तक घेऊन सरळ रस्ता ओलांडून पानठेल्यावर गेली. भांडण नक्की, म्हणून मी मागं धावलो.

"का जी पांडुरंगभाऊ, चाला तिकडं. पेपर तसाच पडून हाय."

"काऊन? तुमाले तं शांती पायजे होती."

गिरजाबाई पुस्तकावरची नसलेली धूळ पुसत राहिली. मग एवढ्या हळू बोलली की मला पुढं व्हावं लागलं.

"शांती तं घरी बी हाय जी. घरी वाचलं तं काय वाचून राह्यली म्हनून इचारनारं कोनी नाई. सांगू कोनाले? इथी तुमी भांडता, पन आयकता तं सही."

पानवाल्याचा खर्रा घोटायचा हात थांबला. पांडुरंगभाऊंनी तोंडातला खर्रा थुंकला, तोंड पुसलं, बाकावर सरकले आणि आपला गमछा उचलून जागा केली.

"काय वाचून राह्यल्या?" त्यांनी विचारलं.

"एक पोरगी हाय," गिरजाबाई बसत म्हणाली. "जंगलात शाळा काहाडाले निंगाली. तिचा बाप म्हन्ते, जाची नाई."

पांडुरंगभाऊ पुढं झुकले.

"मंग?"